भिंतीपलीकडचे चड्ढा

मिस्त्रीच्या हातोड्याचा तिसरा घाव बसला आणि विटा धडाधड पलीकडे कोसळल्या.

धुरळा खाली बसला तसं उत्तराला दिसलं. ओट्यामागच्या भिंतीला हे एवढं भगदाड... आणि भगदाडात एक माणूस! अर्ध्या गालाला साबणाचा फेस, हातात रेझर, केसांत सिमेंट.

“अगं आई गं!” तो ओरडला.

उत्तरा दचकली, ती भिंतीमुळे नव्हे. चड्ढा मराठी बोलले?

नोएडातले हे दोन फ्लॅट पाठीला पाठ लावून उभे होते. मध्ये एकेरी विटांची भिंत, जिने मात्र वेगळे. पलीकडच्या दारावर ‘चड्ढा’ अशी पाटी. बसस्टॉपवर तो उंच तरुण भेटला की उत्तरा हिंदीत ‘नमस्ते’ म्हणायची आणि घरी येऊन आईला त्याच्या गमती सांगायची. मराठीत. मोकळ्या आवाजात. गेले आठ महिने!

“तुम्ही... चड्ढा?”

“चड्ढा घरमालक. मी जयदीप माने, सांगलीचा.” त्यानं गालावरचा फेस पुसला. “पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण तुम्ही माझ्याबद्दलच बोलत होतात. मग सांगायची सोयच राहिली नाही.”

“म्हणजे... सगळं ऐकलंत?”

“तो लाल शर्ट मी देऊन टाकला.”

उत्तरानं कपाळावर हात मारला. लाल शर्टात तो गॅसच्या सिलिंडरसारखा दिसतो, असं ती म्हणाली होती. शब्दशः.

आई, प्रभाबाई, मात्र पदर तोंडाला लावून खुदखुदत होत्या. हा सगळा खटाटोप त्यांच्या पाठीसाठीच चालला होता. वाकून वाकून त्यांची पाठ धरायची, म्हणून जुना बुटका ओटा पाडून उंच बांधायचा होता. टीव्हीवर दिसणारी गुळगुळीत कपाटांची नवी स्वयंपाकघरं उत्तराच्या सरकारी असिस्टंटच्या पगारात कुठली बसायला! त्यात आता ही भिंत. टाइल्ससाठी ठेवलेले पैसे विटांमध्ये जाणार, हे उत्तराला दिसतच होतं.

आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुतणीच्या लग्नाला गावी निघून गेला. चार दिवस!

भगदाडावर जुनी चादर लटकली. चादरीखालून आधी साखरेची वाटी गेली, मग पोहे गेले, मग चहाचे कप येऊ-जाऊ लागले.

“माने, चहात आलं घातलंत?”

“घातलंय. आवडलं नाही तर आईंना सांगा. मी ऐकतोच आहे.”

“तुम्ही ना... फार आगाऊ आहात!”

“हे आठ महिन्यांत पहिल्यांदा तोंडावर ऐकतोय.”

शनिवारी तो तिला टाइल्सच्या बाजारात घेऊन गेला. दुकानाच्या मागच्या अंगणात उरलेल्या मालाचे ढीग होते. पाच निळ्या, सात पिवळ्या, कुठे फुलांच्या. निम्म्याहून कमी भाव. दोघं उन्हात उकिडवे बसून एकेक टाइल पुसत, जुळवत राहिले. एकदा एकाच टाइलवर दोघांचे हात पडले... आणि कुणीच आधी उचलला नाही.

मिस्त्री आला. भिंत बंद झाली. आठवड्याभरात उंच ओटा झाला, वर रंगीबेरंगी टाइल्स लागल्या. प्रभाबाई ताठ उभ्या राहून पोळ्या लाटू लागल्या. पण पलीकडे सामसूम. रविवारी नागपूरचं स्थळ उत्तराला बघायला यायचं होतं. त्याची चर्चाही याच ओट्यापाशी झाली होती.

उत्तरा जिना उतरली, इमारतीला वळसा घालून पलीकडचा जिना चढली. दार उघडंच होतं. आत खोकी बांधलेली.

ती उंबऱ्यातच थांबली.

“हे... काय?”

“कंपनीचं नवं ऑफिस गुडगावला. मला इथूनही जाता आलं असतं.” त्यानं मान वर केली नाही. “पण रविवारी पलीकडचे कपबशांचे आवाज ऐकत बसणं... जमलं नसतं मला.”

“नागपूरला मी कालच फोन करून नाही म्हटलं. एसटीडी बूथवरून.”

जयदीपच्या हातातली सुतळी गळून पडली. “बूथवरून? मग मला कसं ऐकू येणार?”

“सगळं भिंतीतूनच कळायला हवं का? विचारता येत नाही?”

तो खोक्यावरच मटकन बसला. मग अगदी हलकेच म्हणाला,

“उत्तरा... माझ्याशी लग्न करशील?”

हेच ऐकायला तर ती जिना चढून आली होती. पण ‘तुम्ही’वरून तो थेट ‘करशील’वर आला होता!

“गुडगावचं घर ठरलंय?” तिनं विचारलं.

“आगाऊ भाडं दिलंय.”

“मग उद्या दाखव. स्वयंपाकघर बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.”

आणि दुसऱ्या दिवशी, नवीन इमारतीच्या दारात रिक्षातून उतरता उतरताच, काहीही बघायच्या आधी, ती हो म्हणाली.