पायातल्या सळईचं अर्थिंग

काँक्रीटचा ट्रक फाटकाशी घरघरत होता आणि वाळवंटातल्या टूसॉन शहराचं ऊन सकाळीच डोक्यावर आलं होतं. नेहमीचा म्हातारा तपासनीस रजेवर, म्हणून नगरपालिकेनं हा नवा पाठवला — रूबेन अँटोन. आला तो सरळ घराच्या पायाच्या चरात उतरला.

मी डेल्फिना, वायरिंगवाली. स्वतःच्या नावावर कंत्राट घेतलेलं हे माझं पहिलं घर. आमच्या कोरड्या मातीत जमिनीत नुसता रॉड ठोकून भागत नाही, म्हणून पायातल्या सळईलाच अर्थिंगची तार जोडतात. ती मी घट्ट आवळली होती. त्यानं हलवून पाहिली, मग सळईखाली हात घातला आणि... थांबला.

“हे प्लास्टिक कुणी अंथरलं?”

“काँक्रीटवाल्यांनी. ओल वर येऊ नये म्हणून.”

“म्हणजे काँक्रीट मातीला लागणारच नाही. वीज जमिनीत उतरणार कशी, बाई?”

माझा चेहराच पडला. अंथरलं त्यांनी, पण बघायला मी हवं होतं.

“कापून काढते. मदत कराल?”

“हात लावायची परवानगी नाही मला. उभा राहू शकतो.”

मी पालथी पडून चरभर प्लास्टिक कापत गेले. तो काठावरून माझ्याबरोबर सरकत राहिला... त्याची सावली माझ्या मानेवर पडेल असा.

नंतर मी वायरिंग केलेलं प्रत्येक घर तपासायला तोच येऊ लागला.

“आज प्लास्टिक नाही?”

“तुमच्यासाठी ठेवणार होते. राहून गेलं.”

मी त्याच्या प्रेमात पडले होते, पण बोलायची सोय नव्हती. तपासनिसाशी गोड बोलून पास होते, असं म्हणायला लोक टपलेलेच होते. मोठ्या कष्टानं कमावलेलं नाव एका दिवसात गेलं असतं.

आणि एकदा सही करून तो म्हणाला, “सोमवारपासून तुमचं काम मी तपासणार नाही. साहेबांना सांगून टाकलंय.”

“माझं काही चुकलं?”

“नाही. घरच्या माणसाचं काम तपासता येत नाही, असा नियम आहे.”

“मी कुठे तुमच्या घरची?”

“अजून नाहीस...” तो टोपी हातात फिरवत राहिला. “म्हणून आधी साहेबांना सांगितलं. आता तुला विचारतोय.”

मागे काँक्रीट ओतायला सुरुवात झाली. त्या खडखडाटात माझं ‘हो’ त्याला ऐकूच गेलं नाही. “काय?” म्हणून तो वाकला, तेव्हा सगळ्या गवंड्यांच्या देखत मी त्याचा हात धरला.