उजवीकडे झुकलेलं खोगीर

त्याने मला न विचारताच माझ्या खोगिराखाली हात घातला आणि म्हणाला, "इथे ब्लँकेटं किती आहेत?"

"तीन. आणि आपण कोण?"

तो सुशांत. रोडपालीला राहायचा, खोगिरं तपासून दुरुस्त करून द्यायचा. आपटा गावातल्या तबेल्यात तो दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाला आला होता. पाताळगंगा नदीवर अजून धुकं होतं. त्याच्या हातांना मेणाचा आणि चामड्याचा वास येत होता.

"घट्ट बुटात तीन मोजे घालून चालाल तुम्ही?" त्याने विचारलं.

खोगीर बाबांचं होतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तीस वर्षं काढल्यावर साठीत त्यांनी घोडी घेतली आणि तिला आपल्या आजीचं नाव ठेवलं, गोदू. आत्या त्यावरून अजून रुसलेली आहे. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. मी त्यांच्या खोगिरावर बसायला लागले तशी गोदू पोटाखालचा तंग आवळताना कान मागे टाकायची, चावायला यायची. ती बिथरली की मी आणखी एक ब्लँकेट घालायची. शेवटी तिने मला पाडलं. आईने घाबरून तबेल्याच्या काशिरामला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. ते पुढच्या रविवारी येणार होतं.

हे सगळं मी एका अनोळखी माणसाला का सांगितलं, कोण जाणे. त्याने मध्ये एकदाही मान हलवली नाही... फक्त ऐकलं.

मग त्याने काशिरामकडून धुतलेला पांढरा पंचा मागून घेतला. ब्लँकेटं काढली, पंचा गोदूच्या पाठीवर पसरला, वर खोगीर ठेवलं आणि मला पाच मिनिटं सावकाश फिरून यायला सांगितलं. मी उतरल्यावर त्याने पंचा उचलून माझ्यापुढे धरला. डावीकडे नुसता धुळीचा पुसट पट्टा होता. उजवीकडे काळा, ओला डाग.

"आतली लोकर उजवीकडे दबून गोळा झालीय," तो म्हणाला. "तुमचे बाबा डाव्या पायावर भार देत नसत. गुडघा दुखायचा का त्यांचा?"

"नाही," मी म्हणाले.

काशिराम खाली बघत होता. "दुखायचा, ताई," तो म्हणाला. "घरी सांगू नको म्हनाले होते. तुमी घोडी बंद कराल म्हनून."

मी खोगिरावर हात ठेवला. उजवीकडे खरंच खोलगट होतं. रोज त्यात बसत होते आणि मला ते कळलं नव्हतं.

सुशांत म्हणाला, उजवी बाजू उसवून जुनी लोकर काढून नवी भरावी लागेल. मी म्हणाले, मग ते बाबांचं राहणार नाही.

"मग ते घरी ठेवा, आहे तसंच. मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "पण त्यांचं दुखणं गोदूच्या पाठीवर नको."

गोदू ओठांनी माझी बाही चाचपत होती. मी म्हणाले, "उसवा."

शनिवारी त्याने खोगीर आणून दिलं. सोबत कागदाच्या पुडीत जुनी लोकर. करडी, दबून घट्ट झालेली. ती त्याने माझ्या हातात ठेवली. रविवारी आई स्वतः आली. मी तंग आवळला, गोदूने कान हलवले नाहीत. मी दोन फेऱ्या मारल्या, तोवर आईनेच काशिरामला खूण केली आणि त्याने गिऱ्हाईकाला चहा पाजून परत पाठवलं.

त्यानंतर सुशांत दर रविवारी येऊ लागला. खोगिराखाली तळहात सरकवायचा, वर बघायचा, "ठीक आहे" म्हणायचा.

"सहा महिन्यांनी तपासायचं, असं तुम्हीच सांगितलं होतंत," मी एकदा खोगिरावरूनच म्हणाले. "हा चौथा रविवार."

"हो."

"काही बिघडलंय?"

"खोगिरात नाही..." त्याचा हात तिथेच राहिला. "तुम्ही सरळ बसता की नाही, ते बघायला येतो."

"मग? बसते ना?"

"एरवी बसता. मी आलो की डावीकडे झुकता."

तो डावीकडेच उभा होता. काशिराम उगाचच बादली घेऊन नदीकडे निघून गेला.

"असंच चाललं तर डावी बाजू दबेल," सुशांत म्हणाला.

"दबू दे," मी म्हणाले. "भरायला तुम्ही आहात ना."