मालक, आता काय तोडू?

हेनी आत्याने लाकडी पेटीचं झाकण उचललं, वरचं मळकं कापड काढलं आणि म्हणाली, "आलो बघा, आजोबा. यंदा जरा उशीरच झाला. रागावू नका."

ऑक्टोबरचं ऊन चांगलंच चढलं होतं. पोमुच या माया लोकांच्या गावातल्या दफनभूमीत जिकडेतिकडे लोक आपापल्या माणसांच्या पेट्या उघडून बसले होते. हाडं मऊ ब्रशने झाडायची, नवं भरतकामाचं कापड अंथरायचं आणि हात चालू असताना गावातल्या बातम्या सांगायच्या. एल्सी तूस लहानपणापासून हे करत आली होती. तिने क्रिसांतो पणजोबांची कवटी मांडीवर घेतली आणि सवयीने कपाळावरून अंगठा फिरवला. तिथे हाडालाच आडवी खळ पडली होती. घायपाताच्या मोळ्या कपाळाला पट्टा लावून जन्मभर वाहिल्यावर दुसरं काय होणार? मळेवाल्याने त्यांना पोरवयात वेठीला धरलं, ते मरेपर्यंत सोडलं नाही.

"या खळीचा एक फोटो घेऊ?" लेआंद्रोने विचारलं.

"मला काय विचारता? त्यांना विचारा," आत्या म्हणाली.

लेआंद्रो हसला आणि त्याने फोटो घेतला. मग वाकून नव्या कापडावरची अक्षरं वाचली. "क्रिसांतो तूस. वा! नाव भारदस्त आहे."

आत्याने कापडाची घडी नावावर ओढून घेतली.

लेआंद्रो राजधानीतल्या एका प्रकाशनाचा संपादक होता. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे, आपण कुणी योद्धा, कुणी जादूगार आहोत असं समजून गोष्ट पुढे न्यायची, असले खेळ ते पुस्तकाच्या रूपाने काढत. नव्या खेळातली मृतांची जादू एल्सीने लिहिली होती. वर्षभर खपून, आपल्या गावचं सगळं आठवून. तिच्या नियमात मेलेलं माणूस पाहुणं म्हणून येई. त्याला फुलांनी वाट दाखवायची, वाढायचं, बोलायचं. वाटलं तर ते मदत करील, नाहीतर जेवून निघून जाईल. त्याच्यावर हुकूम कुणाचा नाही.

छापायला जायचं पुस्तक घेऊन लेआंद्रो मृतांच्या सणाला म्हणून आला होता. एल्सीने ते अजून उघडून पाहिलं नव्हतं. तिथेच फसली.

मेलेली मोठी माणसं घरी जेवायला येतात तो दिवस उजाडला. परसातल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर, केळीच्या पानात बांधलेला पिब भाजत होता. मक्याच्या पिठाचा, आत कोंबडी भरलेला जाड रोट. मातीतून त्याचा वास वर येत होता. झेंडू आणि मेणबत्ती ठेवून त्यांच्यासाठीचं टेबल परसातच मांडून झालं होतं. दुपारी देवळाची घंटा वाजली की ती माणसं यायची, तोवर रिकामा वेळ.

"चला, एक डाव होऊन जाऊ दे," लेआंद्रोने नारिंगाच्या झाडाखाली फासे काढले. आत्याचा मुलगा रुसेल पाव भाजणारा. हाताचं पीठ झटकत तोही येऊन बसला.

"मला तलवारवाला करा," तो म्हणाला. "एल्सीला चेटकीण करा. मेकअपचा खर्च वाचेल."

"तुला गाढव करू. कपड्यांचाही वाचेल," एल्सी म्हणाली.

सगळे हसले. लेआंद्रोने पुस्तक उघडून वाचायला घेतलं. "मेणबत्ती उलटी धरावी. मृताचं नाव घेऊन त्याला बांधावं. बांधलेला मृत मालकाची आज्ञा मोडू शकत नाही, आणि थकत नाही..."

"थांबा," एल्सी म्हणाली. "हे मी लिहिलेलं नाही."

"थोडं बदललंय. तुझा पाहुणा फार गोड होता गं, पण खेळणाऱ्याच्या काय कामाचा? पोरं राक्षसाशी लढत असताना मेलेल्याला जेवायला वाढत बसणार का?"

"म्हणून त्याला गडी केलात? वर्षातून एकदा घरी येणाऱ्या माणसाला?"

"खेळ आहे, एल्सी."

"कुणाच्या जिवावरचा?" ती ताडकन उठली. "मळेवाल्यांनी जिवंतपणी बांधलं. तुम्ही मेल्यावर बांधता. आणि वर पुस्तकावर नाव माझं!"

रुसेल तिला बस म्हणू लागला. पाहुण्यासमोर तमाशा नको म्हणून. लेआंद्रोला वाटलं, एकदा खेळून दाखवलं की हिचा राग जाईल. त्याने टेबलावरची मेणबत्ती उचलून उलटी केली, फासे टाकले आणि आवाज खोल करून म्हणाला, "क्रिसांतो तूस, तुला बांधला. ऊठ, कामाला लाग."

"मूर्खा..." एल्सी एवढंच म्हणू शकली.

परसामागच्या गडग्यापलीकडून आवाज आला. खच्च. थोडं थांबून पुन्हा, खच्च.

मागे नुसतं रान होतं. घायपाताचं शेवटचं रोपटं तिथून कधीच उपटलं गेलं होतं. तरी तो वास आला, ओल्या कापलेल्या पात्याचा, आंबट हिरवा, घशाला खाजवणारा. पिबचा वास त्याखाली बुडून गेला.

"कोण आहे रे तिकडे?" रुसेलने हाक मारली.

उत्तर नाही. आवाज गडग्याच्या अलीकडे आला. भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, केळीचं एक पान देठाशी तुटलं आणि जमिनीवर आडवं पडलं. मग दुसरं. मग त्यांची मोळी बांधली गेली. घट्ट, नीटस, जन्मभराच्या सवयीच्या हाताने. केळ सरली तशी नारिंगाची फांदी तुटली. चुना दिलेल्या भिंतीवरून एक वाकलेली सावली ओझं घेऊन गेली. सावलीच्या पुढे माणूस नव्हता.

लेआंद्रो खुर्चीत आक्रसला. त्याच्या कानाशी कुणीतरी हलकेच बोललं. दमलेला, अदबीचा आवाज. भाषा मायांची.

"काय... काय म्हणतोय?"

एल्सीच्या भीतीपेक्षा संताप मोठा होता. "विचारताहेत, 'मालक, आता काय तोडू?'"

आत्या खड्ड्याकडून धावत आली, हात मातीने भरलेले. टेबलावरचे झेंडू देठापासून तुटून एकेक करून जुडीत जात होते. तिने उलटी मेणबत्ती पाहिली आणि तिला सगळं कळलं. "कुणी बोलावलं त्यांना कामाला? कुणी?"

"सोडलं!" लेआंद्रो ओरडला. "मी सोडलं त्यांना! जा... तुम्ही जा..."

आवाज थांबला. मग पुन्हा, जवळून, खच्च.

"मालक 'जा' म्हणाला म्हणून कुणी जातं का?" आत्या दातओठ खात म्हणाली. "मळ्यावरून कुणी निघाला तर पळाला म्हणून कुत्री सोडायचे अंगावर. त्यांना ठाऊक आहे ते."

आता लेआंद्रोच्या बुटाजवळचं गवत कापलं जात होतं. एल्सीने डोळे पुसले. खड्ड्यातला पिब काढला, पान सोडलं, वाफाळता तुकडा थाळीत वाढला आणि टेबलाशी चांगली खुर्ची ओढून ठेवली. मग ती भिंतीकडे तोंड करून माया भाषेत बोलली.

"आजोबा, जेवायला बसता का? बसलात तर आम्हाला बरं वाटेल. नसेल बसायचं तर मर्जी तुमची. इथे कुणी मालक नाही." ती लेआंद्रोकडे वळली. "तुम्ही उठा त्या खुर्चीतून. खाली बसा."

तो मुकाट्याने मातीत बसला.

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग मांडलेली खुर्ची करकरली, ओझं उतरवून माणूस टेकतो तशी. देवळाची घंटा वाजू लागली. हिरवा वास हळूहळू ओसरला. दिवस कलेपर्यंत चौघं बसून होती, आणि आत्या त्या रिकाम्या खुर्चीला गावातल्या बातम्या सांगत होती. कुणाचं लग्न झालं, कुणी घर बांधलं. नंतर त्यांनी थाळीतला पिब चाखला. मीठ नाही, तिखट नाही. चव कुणीतरी पुरती घेऊन गेलं होतं.

लेआंद्रोने जाताना पुस्तक चुलीत घातलं. राजधानीत जाऊन तो प्रकाशनाच्या मालकांशी भांडला, नोकरी सोडून बाहेर पडला. पण छापखान्यात मजकूर आधीच गेला होता. एल्सीने पत्रं लिहिली, फोनवर आरडाओरडा केला. शेवटी त्यांनी मुखपृष्ठावरचं तिचं नाव काढलं. नियम राहू दिला. लोकांना तोच सगळ्यात आवडतो, म्हणाले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिला फोन आला. उत्तरेकडून, मोंतेरेयहून, एक अनोळखी मुलगी बोलत होती. आवाज दाबलेला.

"ताई, खेळातली मृतांची जादू तुम्हीच लिहिलीत ना? आतल्या पानावर आभार आहेत..."

"कुणाचं नाव घेतलंत?" एल्सीने एकदम विचारलं.

"कुणाचंच नाही. आम्हाला कुणाचं ठाऊकच नव्हतं. म्हटलं, जवळपास जो कुणी असेल त्याने यावं..."

"किती आहेत?"

"अंगण भरलंय. रस्त्यावर दिसतात ते वेगळेच..."

"ऐक माझं. हुकूम देऊ नका. आधी जेवायला वाढा. खुर्च्या द्या, आणि तुम्ही खाली बसा."

"दिल्या, ताई. बाकीचे बसलेच नाहीत. एकच बसला." मुलगी थांबली. तिच्या मागे कुणीतरी रडत होतं. "त्याच्या पायात चांगले बूट आहेत. तो काम मागत नाहीये. बाकीचे सगळे त्याला 'मालक' म्हणत मागे सरलेत..."

"त्याच्याशी बोलू नका! ऐकतेस ना?"

"त्याने आम्हाला एका रांगेत उभं केलं," मुलगी म्हणाली. "मग एकेकाचं नाव विचारलं."

"आणि?"

"आम्ही सांगितलं, ताई."