डावी बाजू ओली

"माझ्या भावाचा उजवा हात गेला, आणि आता डाव्या हाताचा अंगठा मागायला आलेत ते. याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!"

अक्का बसायला तयार नव्हत्या. दिवसभर इस्त्री मारून आलेली बाई. हाताला अजून गरम कापडाचा वास. खुर्ची पुढे केली तर तिची पाठच त्यांनी दोन्ही मुठींत धरली.

"अहो, बसा तर खऱ्या," भावोजी म्हणाले.

"बसायला आलेच नाही मी."

चौकशीबाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. या बाई खाजगी चौकशा करीत, म्हणून गल्लीने त्यांना हेच नाव पाडले होते. हे भावोजी म्हणजे त्यांचे दीर, चित्रकलेचे निवृत्त मास्तर; ते त्यांच्याबरोबर हिंडत. वहिनींच्या डोक्यात काय चाललेय हे त्यांना नेहमी सर्वांत शेवटी कळे, पण त्याचे त्यांना वाईट वाटत नसे.

अक्कांचा भाऊ गाड्या धुण्याच्या वॉशिंग सेंटरवर कामाला. धुतलेली गाडी शेवटी एका कमानीखालून जाते. कमानीच्या दोन्ही खांबांवर एकेक मोठा ब्लोअर. गाडी पुढे आली की कमानीतला विजेचा डोळा तिला ओळखतो, ब्लोअर आपोआप सुरू होतात आणि वाऱ्याच्या झोताने पाणी उडवून गाडी कोरडी करतात. हे काम भावाकडे, म्हणून सगळे त्याला 'फुंकर' म्हणत.

डाव्या ब्लोअरच्या जाळीत फडके अडकले. वीज तोडायला फुंकरने नेहमीसारखा त्या खांबावरचा खटका पाडला, जाळी उघडली, हात घातला. तेवढ्यात मागून गाडी आली आणि ब्लोअर सुरू झाला.

"फौजदार आले तेव्हा खटका चालूच होता म्हणे," अक्का म्हणाल्या. "मालक म्हणतो, याचीच चूक. तसं लिहून आणलंय, उद्या अंगठा हवाय. अंगठ्याचं मरू दे. मालक रोज दवाखान्यात येतो, उशाशी फळं ठेवतो आणि म्हणतो, 'बाबा रे, नीट आठव. विसरला असशील.' काल माझा भाऊ मला विचारतो, 'अक्का, मी खटका पाडला होता ना गं?' मला विचारतो! मी होते का तिथं?"

त्यांनी धरलेली खुर्ची जमिनीवर आपटली.

"हात काही परत उगवायचा नाही, तेवढं मला कळतं. पण डोकं तरी त्याचं त्याच्यापाशी राहू द्या. असाच राहिला तर वेडा होईल तो."

चौकशीबाईंचा राग आवाज चढवून येत नसे, उतरवून येई. त्या अगदी हळू म्हणाल्या, "भावोजी, छत्री घ्या. तिथं पाणी उडत असेल."

*

सेंटरवर गाड्यांची रांग होती. सुपरवायझर गळ्यात शिट्टी अडकवून धावपळ करीत होता. कमानीतून एक पांढरी गाडी बाहेर पडली. उजवी बाजू लख्ख कोरडी, डावीवरून पाण्याचे ओघळ. एक माणूस फडके घेऊन डावी बाजू पुसायला लागला.

"हे रोजचंच का?" बाईंनी विचारले.

"छे हो! आधी काचेवर थेंब राहायचा नाही. त्या दिवसापासून डावा ब्लोअर नुसता उसासे टाकतोय. मालक म्हणतात, फडकं आत गेलं, पंखा दुखावला असेल."

"गाडी आत कोणी सोडली होती?"

सुपरवायझरचा चेहरा पडला. "मी. बटण मीच दाबलं. तो वाकलेला दिसला मला. पण फुंकर खटका पाडल्याशिवाय जाळीला बोट लावायचा नाही, म्हणून मी..." त्याने शिट्टी मुठीत दाबली. "ओरडा ऐकून मेन बंद केला. आम्ही सगळ्यांनी त्याला उचललं आणि गिऱ्हाइकाच्याच गाडीत घालून दवाखाना गाठला."

"सगळ्यांनी?"

"मालक सोडून. ते म्हणाले, 'मी मशीनपाशी थांबतो, फौजदार येईपर्यंत कोणाचा हात लागायला नको.'"

"त्याआधी मशीनची काही तक्रार?"

"तक्रार अशी नाही. आदल्या दिवशी एक बाई गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, काहीतरी जळतंय. वास होता खरा. मालक म्हणाले, कोणाच्या तरी ब्रेकचा असेल, आणि आम्हाला चहाला पाठवलं."

बाई डाव्या खांबापाशी गेल्या. ब्लोअर म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखा लोखंडी डबा; कडेला जाळी, जाळीआड पात्यांचे चाक. डब्यावर साबणाचा पांढरा थर होता. बाईंनी रुमालाने तो पुसला. वरच्या अंगाला धातूतच उठवलेला एक बाण निघाला. त्याचे टोक रस्त्याकडे होते, ऑफिसच्या बरोबर उलट दिशेला.

"भावोजी, इथं उभे राहा. पुढची गाडी गेली की पातं थांबताना बघा. वरचं पातं कुठं जातंय तेवढं सांगा."

गाडी आली, गेली. भावोजींनी मान वाकडी करून पाहिले, अंगावर पाणी घेतले, छत्री उघडायला विसरले.

"वरचं पातं ऑफिसकडं चाललं होतं," चष्मा पुसत ते म्हणाले. "पण वहिनी, त्यानं काय होतं?"

"तुमचा सदरा ओला झाला, आणखी काय."

*

ऑफिसात मालक फोनवर कोणाला तरी झापत होता. बाईंना पाहून त्याने आवाजात साखर कालवली.

"या, या ताई. फार वाईट झालं. घरच्यासारखा होता हो. पण निष्काळजीपणाला इलाज नाही. मी स्वतः रोज जातो त्याला बघायला."

"ऐकलं. मशीनची देखभाल कोण करतं?"

"फिटर आहे एक. पण खरं सांगू? त्याचे नखरे फार. स्विच, फ्यूज, सगळं माझ्या या खणात पडलेलं असतं. घरातली वायरिंग मी स्वतः केलीय, दिवे, पंखे, गिझर. लोक उगाच घाबरतात. कुठलीही वायर कुठंही लावा, दिवा पेटायचा तो पेटतोच!" तो हसला. हसताना एकटाच होता.

"त्या दिवसानंतर ब्लोअरचं काही काम झालं?"

"पाण्यानं धुतला फक्त. रक्त होतं ना. बाकी कोणी उघडलेला नाही, शपथेवर सांगतो."

"आणि त्याच्याआधी?"

"महिनोन्महिने नाही. उत्तम चालत होता."

फिटर जवळच्याच गाळ्यात सापडला. फुंकरचे नाव काढताच त्याने पाना खाली ठेवला.

"आमचं बोलणं नव्हतं. मला 'ढिला नट' म्हणायचा सगळ्यांसमोर. पण म्हणून मी कोणाचा हात तोडीन होय?"

"तुम्ही शेवटचे कधी गेला होतात तिथं?"

"बरेच दिवस झाले. आदल्या दिवशी मालकांचा फोन आला होता, डावा ब्लोअर बंद पडलाय, लवकर या. मी पिशवी भरून निघालो तर पुन्हा फोन, 'नको, सुरू झाला.' मी म्हटलं, बरं झालं बाबा, देव पावला."

बाहेर पडताच भावोजी कुजबुजले, "वहिनी, हाच. नक्की हाच. भांडण आहे, वायरींचं ज्ञान आहे, आणि चेहरा बघितलात ना? काढ्याची वाटी प्यायल्यासारखा."

"वायरींचं ज्ञान आहे, म्हणूनच हा नव्हे," बाई म्हणाल्या आणि फौजदारांना फोन लावू लागल्या.

*

संध्याकाळ व्हायच्या आत कमानीपाशी सगळे जमले. फौजदार, मालक, सुपरवायझर, फिटर. अक्का सर्वांत पुढे, कमरेवर हात ठेवून.

"माझा वेळ घालवू नका हं," फौजदार म्हणाले.

"तुमच्या डोळ्यांनीच दाखवते. भावोजी, बाण कुठं आहे?"

"रस्त्याकडं."

"हा बाण कारखान्यानं दिलाय. पंखा कुठं फिरला पाहिजे ते सांगतो. आणि पातं?"

"ऑफिसकडं... अरेच्चा!" भावोजींच्या हातातून छत्री निसटली. "उलटं फिरतंय!"

"उलटं फिरतंय तर हवा आत ओढेल की," फौजदार म्हणाले. "इथं तर बाहेर येतेय."

"हाच फसवा भाग आहे. माझ्या सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीत भुसा उडवायला असाच पंखा होता. शंखाच्या डब्यातला हा पंखा उलटा फिरला तरी वारा पुढंच फेकतो. फक्त त्याच्यातला दम जातो. म्हणून डावी बाजू ओली राहते. या मोटरीला तीन तारा असतात. त्यातल्या दोन एकमेकींच्या जागी लागल्या की मोटर उलटी फिरते."

फिटरने मान डोलावली.

"आता बघा. अपघातापर्यंत गाडी दोन्हीकडून कोरडी निघायची. त्यानंतर डावी बाजू ओली. फडक्यानं पातं वाकेल, पण फडकं काही तारा बदलणार नाही. म्हणजे अपघातानंतर कोणीतरी या तारा सोडल्या आणि पुन्हा जोडल्या. मालक तर शपथेवर सांगतात, कोणी उघडलाच नाही."

मालक म्हणाला, "फिटरनं केलं असेल..."

"फिटर मोटर जोडली की आधी बाण बघतो. ती त्याची रोजची सवय आहे. ज्याचे हात फक्त घरच्या दिव्यांवर बसलेत, तो बघत नाही. तिथं कुठलीही वायर कुठंही लावली तरी दिवा पेटतो. इथंही वारा आला, म्हणून त्याला वाटलं, जमलं."

बाईंनी खांबावरच्या खटक्याकडे बोट दाखवले.

"आदल्या दिवशी जळका वास आला तो ब्रेकचा नव्हता. या खांबावरचा खटका आतून जळला आणि ब्लोअर बंद पडला. गाड्यांची रांग उभी. फिटरला बोलावलं, पण तो येईपर्यंत गिऱ्हाईक जाईल. म्हणून खटक्याला वळसा घालून डोळ्याकडून येणाऱ्या तारा सरळ मोटरीला जोडल्या. ब्लोअर सुरू झाला. फिटरला सांगितलं, येऊ नको. आणि खटका तसाच खांबावर राहिला. वर-खाली होणारा, पण कशालाच न जोडलेला." बाईंचा आवाज इतका खाली गेला होता की फौजदार पुढे वाकले. "फुंकरनं खटका पाडला होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, की तो खटका मेलाय."

"पण अपघातानंतर उघडला कोणी?" भावोजींना अजून कळत नव्हते.

"सगळे त्याला घेऊन धावले, भावोजी. मागे एकच माणूस थांबला. कोणाचा हात लागू नये म्हणून! त्यानंच तारा पुन्हा खटक्याला जोडल्या आणि फौजदार यायच्या आत खटका चालू करून ठेवला."

फौजदारांनी फिटरला खूण केली. मेन बंद करून त्याने आधी उजव्या खांबावरची पेटी उघडली. आतले स्क्रू पाण्यासाबणाने हिरवट, खटका पिवळा पडलेला. मग डावी उघडली. पेटी तितकीच जुनी, पण आतला खटका नवाकोरा. स्क्रूंच्या डोक्यांवर पेचकसाचे ताजे ओरखडे.

"हा मी बसवलेला नाही," फिटर म्हणाला.

मालकाने ओठांवरून जीभ फिरवली. "गर्दीचा दिवस होता हो... मी सवडीनं बदलणारच होतो. नवा खटका आणूनही ठेवला होता."

"ऑफिसातल्या खणात?" बाईंनी विचारले.

त्याची नजर ऑफिसच्या दाराकडे गेली.

"खणात होता!" अक्का दोन पावले पुढे गेल्या. "माझा भाऊ त्या गाडीत रक्तात लोळत होता आणि तू इथं पेचकस फिरवत होतास? त्याला पाणी पाजायला नाही थांबलास, स्क्रू आवळायला थांबलास? आणि वर फळं घेऊन येतोस! 'नीट आठव' म्हणतोस!"

फौजदारांनी त्यांना अडवले नाही. ते मालकाकडे पाहत म्हणाले, "चला."

*

बाईंनी फौजदारांना एकच विनंती केली. चौकीवर नेण्याआधी वाटेत दवाखाना लागतो.

वॉर्डात भेटीची वेळ होती. फुंकर भिंतीकडे तोंड करून पडला होता. खांद्यापासून बांधलेला हात कोपराखाली संपत होता. अक्कांनी त्याला सगळे सांगितले. तो ऐकत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. आधी रंग आला, मग मानेच्या शिरा तटतटल्या.

"म्हणजे मी पाडला होता."

"हो रे राजा."

"आणि हा रोज माझ्या उशाशी बसून..." त्याने दाराकडे पाहिले. मालक फौजदारांच्या मागे लपायला पाहत होता. "त्याला पुढं आणा. त्याच्या तोंडून ऐकायचंय मला."

मालक पुढे आला. खाली बघत काहीतरी पुटपुटला.

"काय?"

"तू... तू खटका पाडला होतास. चूक माझी."

शेजारच्या खाटांवरचे लोक उठून बसले होते. फुंकरने डाव्या हाताने रेटून स्वतःला उशीवर वर घेतले. अक्का मदतीला वाकल्या, त्याने मानेनेच नको म्हटले.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "तुझ्या ब्लोअरपाशी उभं राहून कान गेलेत माझे. मोठ्यानं बोल."