पंचविसातली एक

वरून काहीतरी लाल, नखाएवढं, गिरक्या घेत आलं आणि थेट विशाखाच्या सुपात पडलं.

तंबाखूच्या चुऱ्यात रुतलेली ती वस्तू तिनं दोन बोटांनी उचलली. तीन टोकांचा, कडा झिजलेला प्लॅस्टिकचा तुकडा. माडीवर चार दिवसांपासून चाललेलं टुंग-टँग एकाएकी थांबलं होतं. मग जिन्यावर धडधड पावलं वाजली... आणि पाठोपाठ एक शिंक. दुसरी. तिसरी.

"आलं गं बाई बँकेचं साहेब," शेजारची बाळाबाई पदराआड हसली.

भावकूअण्णांच्या घराचा सोपा लांबरुंद आणि भरपूर उजेडाचा, म्हणून गल्लीतल्या सात-आठ बायका मांडीवर सूप घेऊन तिथंच विड्या वळायला बसत. निपाणीच्या हवेतच तंबाखू. तिथल्या माणसाला त्याचा वास आता कळतसुद्धा नाही. पण माडीवर भाड्यानं राहायला आलेला चिंतामणी बेळगावचा, बँकेत नव्यानं लागलेला कारकून. सोप्यात पाऊल टाकलं की त्याचं नाक बंड करून उठायचं.

"माझी... पट्टी पडली का इथं? गिटारची. छोटी, लाल..."

"ही व्हय?" विशाखानं तुकडा दाखवला आणि लगेच मूठ मिटली. "काय करतासा हिचं?"

"बोटांत धरून तार छेडायची."

"मग बोटांत ऱ्हात का न्हाय ती?"

बायका खिदळल्या. चिंतामणीचे कान लाल झाले. "वेगात वाजवायला गेलं की निसटते."

"लई आवळून धरत असणार. आवळलं की निसटतंच." तिनं पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली. तिच्या बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी पडलेली होती. तो बोटांकडे बघत राहिला आणि ती सुपाकडे. काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तर नेमकी चौथी शिंक आली.

त्या संध्याकाळी वर गिटार पुन्हा सुरू झाली, आणि विशाखाला नको असतानाही ऐकू येऊ लागली. ऐकता ऐकता तिला चीड यायला लागली. पोरगा सुरुवात बरी करायचा, मग कुणी पाठीमागं लागल्यासारखा धावत सुटायचा. सूर एकमेकांवर आदळायचे, मधेच शेजारची तार कुरकुरायची, आणि हा तसाच पुढं! विशाखा वयाच्या आठव्या वर्षापासून विड्या वळत होती. अख्ख्या सोप्यात तिच्याइतका वेगाचा हात दुसरा नव्हता, आणि तो वेग कुठून येतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. घाईतून तर नक्कीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो जिना उतरताना ती मान वर न करताच म्हणाली, "काल पंचविसात सात छाट पडल्या."

"म्हणजे?"

"पंचवीस विड्यांचं बंडल. चेकर एकेक बघतो. सैल, वाकडी, फाटकी असली की बाजूला फेकतो. ती छाट." तिनं कात्रीनं पान कापलं. "आमी विड्या मोजतो, तसं म्या तुमचं सूर मोजलं. पंचविसात सात वाया."

त्याला राग यायला हवा होता. पण तो पायरीवरच बसला. "आमचे बेळगावच्या कॅम्पातले गिटारचे सर पण हेच म्हणतात. मिलिटरी बँडातून रिटायर झालेत. दर रविवारी ओरडतात — 'निधान, निधान!' कानडीत, हळू वाजव म्हणून. पण हळू वाजवून वेग कसा यायचा?"

"हळूच येतो. आईनं मला पयलं वरीसभर घाई करू दिली न्हाय. 'एक विडी नीट वळ, मग दुसरी,' एवढंच. हात नीट वळाय लागला, की वेग आपसूक आला. मला कळला बी न्हाय कवा आला त्यो."

तिची आई तानीबाई पलीकडं बसून बंडलं बांधत होती. तिनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा पायरीवरच्या पाहुण्याकडं, आणि दोऱ्याला जरा जास्तच जोरात गाठ मारली.

मग एक गमतीची रीतच पडून गेली. बँकेतून आला की चिंतामणी माडीची खिडकी उघडायचा. खाली विशाखा पानं कापायला घ्यायची. मापाचा पत्रा पानावर ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची — कच्... कच्... कच्. त्या तालावर वर एकेक सूर पडायचा. एकदा पट्टी खाली, एकदा वर. तो धावायला लागला की कात्री मुद्दाम मंदावायची. तो भानावर आला की पुन्हा चालू लागायची. चार दिवस एक लय, मग किंचित पुढची. बाळाबाई एकदा म्हणालीसुद्धा, "अगं, तुझी आज पानं कमी कापून झाली की." विशाखा म्हणाली, "पान निबर हाय आज." पान अगदी लोण्यासारखं होतं.

सात छाटांच्या पाच झाल्या. पाचांच्या तीन.

लाल पट्टी एक दिवस मोडली. निपाणीत दुसरी कुठली मिळणार! विशाखानं फुटक्या साबणदाणीचं झाकण घेतलं, मोडका तुकडा वर ठेवला आणि कात्री फिरवली. हुबेहूब, कडा घासून गुळगुळीत केलेली.

"दुकानातल्यापेक्षा चांगली आहे," तो म्हणाला.

"हलकी धरा. पाखरू धरल्यागत."

"आणि उडून गेलं तर?"

"...गेलं तर गेलं," ती म्हणाली. पण ते म्हणताना कात्री उगाचच उघडमीट करत राहिली.

कारण आदल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं. सर कॅम्पात आपल्या शिष्यांचा एक वाद्यवृंद उभा करत होते. महिनाअखेरच्या रविवारी परीक्षा होती. रोज घोटत होता ती धून पूर्ण वेगात, स्वच्छ वाजवली की तो आत. आणि आत गेला की बेळगावला बदली मागणार, बँकेतल्या मोठ्या साहेबांनी शब्दही दिला होता. म्हणजे रोज संध्याकाळी विशाखा जे करत होती, ते त्याला निपाणीतून घालवण्याचंच काम होतं. तिला तो आवडत होता. त्याच्या शिंका आवडत होत्या, चूक सांगितली की ऐकून घेणं आवडत होतं. त्यापायी तिनं एकदा कात्री चुकीच्या लयीत चालवूनही पाहिली. पण तीन सूर बिघडलेले ऐकले आणि तिलाच सोसवलं नाही. वाईट काम ती करूच शकत नव्हती, प्रेमापायीसुद्धा.

परीक्षेला आठवडा उरला. पंचविसात एकच छाट राहिली होती, एकोणिसाव्या सुरावर. तिथं हात जाड तारेवरून बारीक तारेवर उडी घ्यायचा, आणि पट्टी मधल्या तारेला घासायची. सोमवारी घासली. मंगळवारी घासली. बुधवारीही.

गुरुवारी विशाखानं कात्री खाली ठेवली आणि नुसती ऐकत बसली.

हजारो छाट विड्या तिनं पाहिल्या होत्या. त्यांत दोन कधी सारख्या नसत. एक सैल, एक आवळलेली, एकीचं तोंड उघडं. ही चूक मात्र रोज त्याच जागी, तेवढीच, मापाचा पत्रा ठेवून कापल्यासारखी. आणि तिच्या आधीचे अठरा आणि नंतरचे सहा सूर मोत्यासारखे स्वच्छ. हातून झालेली चूक अशी नसते.

ती उठली. जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चढली आणि थांबली. वर दारात तो गिटार घेऊन उभा होता.

"मुद्दाम करताय."

"काय?"

"एकोणिसावा. कवापासून मुद्दाम करताय?"

त्यानं बोटांतली पट्टी मुठीत मिटली. "दहा-बारा दिवस झाले... ती चूक गेली, की तुम्हाला माझं काही ऐकायचं उरणार नाही. आणि रविवारी नापास झालो, तर इथंच राहता येईल."

विशाखाला एकदम हसू आलं आणि डोळेही भरले. "साहेब, जे सांगायचं ते चुकून नका सांगू. नीट सांगा."

"मला तुम्ही आवडता," चिंतामणी म्हणाला. या वेळी मात्र कुठं घासलं नाही.

खालच्या बायकांची कुजबूज थांबली होती. विशाखानं कठडा धरला. "मला बी तुमी आवडता. पन आमी बौद्ध. बेळगावात तुमची आई मला सोप्याच्या आत घेईल?"

"माहीत नाही. खोटं कशाला सांगू? पण रविवारी आधी घरी सांगेन. मग सरांकडं जाईन."

"आनि वाजवणार नीट. माझ्यापायी छाट चालायची न्हाय मला." ती दोन पायऱ्या उतरली आणि वळली. "आनि आमच्यात चेकर म्या न्हवं. आई."

रविवार गेला. सोमवारी त्यानं रजा टाकली होती, आणि संध्याकाळी बेळगावच्या गाडीला उशीर झाला. विशाखाची नजर सारखी रस्त्याकडं, आणि बाळाबाईचं तोंड सारखं चालू. उजेड उतरायला लागला तेव्हा तो आला, पिशवी खांद्यावर, चेहरा ओढलेला. सोप्याच्या पायरीशी थांबला.

"सरांनी घेतलं," तो म्हणाला. सगळ्या बायकांसमोर. "घरीही सांगितलं. आई रडली. बाबा ताटावरून उठले. मी म्हटलं, दर रविवारी येतोय गिटार वाजवायला, दर रविवारी विचारत राहीन. बदली मागितली नाही."

एवढं बोलून तो वर गेला. खिडकी उघडली.

विशाखानं हातातली विडी तशीच सुपात टाकली, पान घेतलं, पत्रा ठेवला, कात्री धरली. कच् कच् कच् — हळू नाही, आपल्या खऱ्या वेगात, जो तिनं त्याला आजवर कधीच दिला नव्हता. वरून सूर तिच्या बरोबरीनं आले. सोळा, सतरा, अठरा... तिची कात्री थांबली. एकोणिसावा सूर पडला, स्वच्छ, एकटा. मग सगळी धून, शेवटपर्यंत.

तानीबाईनं लेकीच्या सुपातल्या विड्या उचलल्या, सवयीनं बोटांत फिरवत मोजू लागली आणि पंचविसावीशी अडली. विडी सैल होती. शेवटाला दोराच बांधलेला नव्हता.

"ही तुझी?"

"...व्हय."

"बारा वर्सांत पयली." तानीबाईनं ती विडी फेकून दिली नाही. पदराच्या टोकाला बांधून ठेवली, आणि माडीच्या खिडकीकडं बघत राहिली. त्या पोरानं आज भर सोप्यात, आईबापाचं दुःख न लपवता, सगळं खरं सांगितलं होतं.

"खाली बोलीव त्याला," ती म्हणाली. "हितं बसू दे, माझ्याम्होरं. शिंकला तर शिंकू दे."