माझ्याच मागणीची दुभाषी

"अहो, पाय नका देऊ! रांगोळी आहे ती! अरे भिया, रुको ना!"

हे मी मध्य प्रदेशातल्या धारच्या गल्लीत ओरडले असते तर कुणीतरी ऐकलं असतं. पण मी उभी होते ग्वाटेमाला देशातल्या अँटिग्वा शहरात, दगडी रस्त्याच्या मधोमध, हात पसरून. आणि समोरून जांभळे झगे घातलेले पुरुष, येशूची मूर्ती ठेवलेली बसएवढी लांब पालखी खांद्यावर घेऊन, डुलत डुलत येत होते. माझ्या पायाशी रंगीत भुशाची रस्ताभर रांगोळी. शेजारचं अख्खं घर सकाळपासून ओणवं होऊन ती काढत होतं. आणि आता ही पालखी सरळ तिच्यावरूनच...

कुणीतरी माझी ओढणी धरून मला फुटपाथवर ओढलं.

"पागल झालीस का? ती तुडवायलाच काढतात!"

"रांगोळी कुणी तुडवतं का?"

"हे लोक तुडवतात. देवाच्या पायाखाली जावी म्हणूनच काढतात. तू मध्ये उभी राहशील तर तूपण जाशील!"

पालखी आली आणि गेली. फुलं, मोर, नक्षी, बघता बघता सगळ्याचा भुसा झाला. आणि काढणारे रडायचे सोडून टाळ्या वाजवत होते! मी आ वासून पाहत राहिले. मग एकदम ध्यानात आलं... आपण दोघं भांडतोय ते कुठल्या भाषेत?

"तू... मराठी?"

"देवास," तो म्हणाला. त्याच्या केसांत हिरवा भुसा अडकला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. "'अरे भिया' ऐकलं तेव्हाच समजलं, ही आपल्या तिकडची आहे. तू कुठली? इंदूर?"

"धार."

तो असा हसला, की पलीकडची फुगेवाली वळून पाहू लागली. "हद्द झाली यार! धारच्या मुलीला भेटायला मी इथपर्यंत आलो? इंदूरला बस बदलली असती तरी काम झालं असतं!"

त्याच्याकडे बघता बघता मीही हसले. 

तर मी वैभवी. फिजिओथेरपिस्ट. अँटिग्वात मुलांच्या एका उपचारकेंद्रात सहा महिने बिनपगारी काम करायला आले होते. परदेशी म्हणून मिरवायची फार हौस होती मला, पण तीही फिटली नाही. माझ्याबरोबरच्या गोऱ्यापान मुलींकडे सगळे वळून बघायचे, आणि माझा सावळा रंग नि बेताची उंची पाहून बाजारातल्या बायका मला तिथलीच समजून धडाधड स्पॅनिश बोलायच्या. उत्तर आलं नाही की रागवायच्या. त्या रागाच्या भीतीनंच मी भाषा झपाट्यानं शिकले. केंद्रातली मुलं मला 'इंडिया' म्हणायची. इंडिया, माझा पाय बघ. इंडिया, आज मी भिंत सोडून चाललो!

राहायला होते दोन्या लेतीकडे. दोन्या म्हणजे आपल्याकडचं बाईसाहेब. नवऱ्यामागे तीन मुलींची लग्नं एकटीनं लावलेली ही खमकी बाई, बोलायला लागली की कढईतलं जळलं तरी थांबायची नाही.

आणि तो मनन. डोंगरउतारावरच्या गावांमधून बिनधुराच्या चुली बांधायचा. आधी देवास जिल्ह्यात उदयनगरच्या जंगलातल्या पाड्यांवर हेच काम करत होता, इथून परत जाऊनही तेच करणार होता. त्याचं स्पॅनिश चुलीपुरतं होतं. वीट, माती, धूर, चिमणी. संपलं.

दोन्या लेतीची चिमणी गळत होती, म्हणून मीच त्याला बोलावलं. ती दुरुस्त झाली. मग दुसऱ्या आठवड्यात तो 'सहज बघायला' आला. मग कॉफी कशी लागते ते बघायला. मग कशाला आला ते सांगायचंही त्यानं सोडून दिलं.

"तुमच्या धारमध्ये आहे काय?" पायरीवर बसून तो चिडवायचा. "एक किल्ला आणि एक बसस्टँड."

"आणि देवासात? एक टेकडी आणि तिच्याभोवती ट्रॅफिक."

"टेकडीवर देवी आहे आमच्या."

"मग तिनं तुला शुद्ध मराठी का नाही शिकवली?"

"हिंदी मीडियम आहे देवीपण," तो म्हणायचा. "लिहिता नाही येत मला मराठी, पण बोलतो ना फर्स्टक्लास? स्पॅनिशपण बोलतो. ऐक." आणि माझ्याकडे अगदी डोळ्यांत डोळे घालून, हळू आवाजात त्यानं मला स्पॅनिशमध्ये सांगितलं, "तुझ्या विटा फार सरळ आहेत."

मी हसून हसून पायरीवर आडवी झाले. आत दोन्या लेती भांडी आपटत हसत होती. अंगणातल्या नीलमोहराची फुलं टपटप गळत होती, समोरचा ज्वालामुखी धुराची बारीक शेंडी सोडत होता, आणि मला वाटलं... हे असंच चालू दे. कुणी काही विचारू नका, कुणी काही संपवू नका.

पण संपणार होतंच. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मननचं विमान होतं. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा सुरू झाला, इतके दिवस फक्त रविवारच्या मिरवणुकीपुरत्या दिसणाऱ्या भुशाच्या रांगोळ्या आता रोज रस्त्या-रस्त्यावर पडू लागल्या, आणि हा पठ्ठ्या अजून तोंड उघडत नव्हता! शेवटी शुक्रवारी मीच विचारलं.

"मनन, तुला मला काही सांगायचंय का?"

तो बुटावरचा चिखल खरवडू लागला. "सांगायचं तर खूप आहे. पण तूच बोलली होतीस ना... तुमच्या घरून देवासला मुलगी नाही देत."

बोलले होते. हसत हसत बोलले होते. माझ्या आजोबांची बहीण सगुणाबाई, तिच्या लग्नाला देवासची वरात धारच्या वेशीपर्यंत आली. मुहूर्ताचा घोळ झाला, आणि सीमांतपूजनाला आमच्याकडचं कुणी वेळेवर पोचलंच नाही. नवरदेव वेशीवर ताटकळत उभा. मंडळी चिडली आणि तशीच माघारी गेली. सगुणाबाईचं पुढे बडोद्याला छान झालं, नातवंडं पतवंडं खेळवली तिनं. पण आमच्या घरात देवासचं नाव निघालं की अजून पानात वाढलेलं गार होतं.

"देवासच्या सगळ्या मराठी घरांत तीच गोष्ट सांगतात, आमच्याकडेपण," मनन म्हणाला. "माझे बाबा मरतील, पण धारच्या दारात नाही जाणार. आणि कुणी मोठ्यानं शब्द टाकल्याशिवाय मी तुला विचारू? तू हो बोलशील, मग घरून ना येईल, आणि मग तू माझ्या आणि तुझ्या वडिलांच्या मध्ये... नाही. मी असं नाही करणार."

मला त्याचा इतका राग आला, आणि तो इतका आवडला, की मी तडक आत निघून गेले आणि घेवड्यात दोनदा मीठ घातलं.

दोन्या लेतीनं एक घास चाखला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "सांग." मी सांगितलं. सगळं. वेशीसकट.

"म्हणजे मोठं माणूस हवं," ती म्हणाली. "एवढंच? आमच्याकडेही मुलगा स्वतः बोलत नाही. मोठं माणूस पाव आणि चॉकलेट घेऊन मुलीच्या दारात जातं. उद्या मी जाते."

"धार इथून अर्ध्या जगावर आहे, दोन्या लेती."

"फोनवर तुझी आई रोज दिसते की मला. तेच दार."

शनिवारी सकाळी, म्हणजे धारला दिवेलागणीला, मी फोन कॉफीच्या डब्याला टेकवून उभा केला. दोन्या लेती ठेवणीतला भरतकामाचा झगा घालून, गोड पावाची आणि चॉकलेटची टोपली दोन्ही हातांत धरून उभी राहिली. मागे मनन. इस्त्रीचा शर्ट, तोंड बंद. मुलानं अवाक्षर काढायचं नाही, ही तिची ताकीद होती.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भैयासाहेबांना स्पॅनिश येत नाही. दोन्या लेतीला मराठी येत नाही. मननचं स्पॅनिश विटांचं. मग बोलणार कोण?

पडद्यावर भैयासाहेब आले. माझे वडील, पण सगळं धार त्यांना भैयासाहेब म्हणतं म्हणून आम्हीही म्हणतो. जन्मभर धारच्या कोर्टात वकिली केलेली, त्यामुळे साधं 'चहा घेणार का' विचारलं तरी उलटतपासणी वाटते.

"वैभवी, या बाई कोण? हातात काय आहे?"

"भैयासाहेब... या दोन्या लेती. या... मागणी घालायला आल्या आहेत."

"कुणाला?"

"मला."

मागून आईनं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

दोन्या लेतीनं घसा खाकरला आणि सुरू केलं. मी ऐकत होते आणि माझे कान तापत होते. स्वतःच्याच लग्नाची बोलणी स्वतःच्या वडिलांना, तीही आवाज स्थिर ठेवून सांगायची!

"त्या म्हणतात, मुलगा अंगानं बारीक आहे. पण... स्वतःचं ताट स्वतः धुतो. घरातला धूर पूर्ण गेल्याशिवाय काम सोडून उठत नाही. आणि... गातो छान."

"मी छान गातो असं नाही बोलली ती," मागून दबका आवाज आला. "बेसुरा बोलली. तो शब्द रोज ऐकवते मला."

दोन्या लेतीनं मागे वळून डोळे वटारले.

"कोण बोललं?" भैयासाहेब.

"मुलगा."

"खरं सांगतो?"

"...हो."

"म्हणजे दुभाषी खोटं सांगते." भैयासाहेबांनी चष्मा नीट केला. मिशीखाली काहीतरी हललं, पण ते हसू होतं की काय, कळायच्या आत पुढचा प्रश्न आला. "मराठी बोलतो. गाव कुठलं?"

मी तो प्रश्न घाईनं दोन्या लेतीकडे सरकवला, स्पॅनिशमध्ये.   तिला तेवढा एक शब्द पाठ होता, तो तिनं ठणकावून सांगितला.

"देवास!"

 मग भैयासाहेब अगदी हळू, कोर्टात निकाल वाचावा तसे म्हणाले, "बाईंना सांग, आमच्या घरातून देवासला मुलगी देत नाहीत."

मी सांगितलं. या वेळी एक शब्दही न बदलता.  दोन्या लेती मात्र हलली नाही. टोपली तशीच हातांत. 

"अहो," आई पडद्यात घुसली, "त्या बाई मघापासून उभ्या आहेत! एवढं ओझं हातात घेऊन! पुन्हा एकदा देवासच्या माणसांना दारात उभंच ठेवायचंय का?"

भैयासाहेबांनी आईकडे पाहिलं.  मग म्हणाले, "बसा म्हणावं त्यांना."

दोन्या लेती बसली. टोपली मांडीवर.

"विचार, या मुलाच्या कोण लागतात?"

मी विचारलं. उत्तर ऐकलं, आणि सांगताना मला धीर आला. "त्या म्हणतात, कोणीच नाही. यानं माझी चिमणी दुरुस्त केली, पैसे घेतले नाहीत. पण मी तीन मुली उजवल्यात, कुणासाठी शब्द टाकायचा आणि कुणासाठी नाही, ते मला कळतं. आज नाही म्हणालात तर उद्या येईन. परवा येईन. आणि... आणि म्हणतात, हा आला की तुमची मुलगी स्वयंपाकघरात कशी हसते, ते तुम्ही ऐकलेलं नाही. मी ऐकलंय."

भैयासाहेब खुर्चीत मागे टेकले. "याच्या घरच्यांनी शब्द टाकला असता, तर मी ऐकूनही घेतलं नसतं," ते म्हणाले. "पण परक्या मुलखातली परकी बाई याच्यासाठी उभी राहते. अशी साक्ष मला उभ्या हयातीत मिळाली नाही." मग थेट माझ्याकडे पाहत, "भाषांतर पुरे. आता तू बोल."

इतका वेळ दुसऱ्यांचे शब्द तोंडात होते, म्हणून चाललं होतं. आता माझे स्वतःचेच काढायचे होते. मी मननकडे पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता.

"मला हा हवा आहे, भैयासाहेब. सोमवारी तो भारतात परत निघतोय. त्याच्याबरोबर उदयनगरच्या जंगलात राहीन. तिथल्या मुलांनाही चालायला शिकवायला कुणीतरी लागेलच. तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. पण दुसऱ्या कुणाला हो म्हणणार नाही. मला हाच आवडतो. बेसुरा गातो तरी."

भैयासाहेबांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला. पुन्हा पुसला.

"सोमवारी निघतो ना हा? इंदूरच्या विमानतळावर मी जातो घ्यायला. स्वतः. वेळेच्या आधी. आणि मग तसाच त्याला घेऊन देवासला जातो, त्याच्या वडिलांकडे. बघू कोण कुणाला दारात उभं करतं ते!"

आईनं तिकडे साखर आणायला धाव घेतली. मी दोन्या लेतीला सांगायला वळले, पण तिला शब्द लागलेच नाहीत.  तिनं टोपली टेबलावर आदळली, मोठ्यानं येशूचं नाव घेतलं आणि मननच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, म्हणजे आता बोल.

"वैभवी..." मनन म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि हसूही आवरत नव्हतं. "किती दिवस झाले, गळ्यात अडकलंय. मला तू पाहिजे. सगळ्यात जास्त तूच पाहिजे, यार."

मी धावत जाऊन त्याला मिठी मारली. घट्ट. त्यानं मला उचलून गिरकी घेतली, टोपली कलंडली, पाव जमिनीवर घरंगळत गेले, दोन्या लेती टाळ्या पिटत नाचू लागली, आणि मी त्याच्या गालावर, कपाळावर, जिथं सापडेल तिथं...

"अहो!" कॉफीच्या डब्यापाशी आईचा आवाज कडाडला. "तुम्ही तिकडे बघू नका! वैभवी, आधी तो फोन बंद कर!"