झोपलेल्याला उठवताना

बटण दाबलं की कॉम्प्युटरच्या खोक्यातली डिस्क बारीक सूर धरायची. सूर चढता चढता मध्येच खचायचा, टिक असा आवाज व्हायचा आणि सगळं गप्प. उत्तराने पुन्हा पुन्हा ऐकलं. दर वेळी सूर एकाच जागी खचत होता.

"बिघडवली त्याने," शरच्चंद्र म्हणाले. "केयूरने."

त्यांचा मुलगा केयूर दाराशी उभा होता.

उत्तरा चारकोपच्या त्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहायची. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेली. शरच्चंद्रांची बायको रत्नप्रभा तिची मैत्रीण. तिला जाऊन महिना होत आला होता. नातीसाठी तिने सांगितलेल्या गोष्टी, तिच्याच आवाजात, फक्त या डिस्कवर होत्या.

"केयूरवरच संशय का?" उत्तराने विचारलं.

"मुलुंडला आमच्याकडे चला, हे खोकं भंगारात द्या, याचा एकच धोशा. नाशिकहून परत आलो, तर पहिला हाच बसला याच्यापुढे. तेव्हापासून बंद."

"आईचा आवाज ऐकायचा होता, बाबा. मला नाही का आठवण येत?"

उत्तराने खोक्याच्या मागच्या जाळीतून टॉर्च मारला. बराच वेळ आत बघत राहिली.

"रत्नप्रभा हा कॉम्प्युटर बंद कधी करायची?"

"कधीच नाही. मी बिलावरून कुरकुरायचो. ती म्हणायची, झोपलेल्याला उठवणं कठीण असतं हो."

"अस्थी घेऊन नाशिकला निघालात, तेव्हा घराला कुलूप कुणी लावलं?"

"मी."

"आणि मेन स्विच?"

"बंद केला. बाहेरगावी जाताना करतोच की आपण."

उत्तरा वर जाऊन आपल्याकडचा पॉवर सप्लाय घेऊन आली. डिस्क त्याला जोडली. सूर चढला, खचण्याच्या जागेपुढे गेला आणि स्थिर झाला.

"डिस्क धडधाकट आहे," ती म्हणाली. "थकलाय तो हिला वीज देणारा डबा. त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर फुगलेत. फिरती डिस्क फिरत ठेवायला थोडी वीज पुरते. थांबलेली फिरवायला एकदम जास्त लागते, तीही गार पडलेल्या डब्याकडून. चालू होता तोवर त्याने निभावलं. एकदा बंद झाला आणि संपलं."

शरच्चंद्र आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"म्हणजे मीच."

उत्तराने स्पीकरची वायर हातात घेतली.

"तिला माहीत होतं?" शरच्चंद्रांनी विचारलं. "मग मला सांगायचं ना."

"सांगत होती की, भाऊजी."

तिने स्पीकर लावला. आधी रत्नप्रभा खोकली. मग तिचा आवाज आला, "ऐकतेयस ना गं?"

तिघंही ऐकत राहिले. गोष्ट संपली तेव्हा शरच्चंद्रांनी शेजारचं स्टूल पुढे ओढलं.

"बस रे इथे. तिथे परक्यासारखा काय उभा राहिलास?"

केयूर बसला. त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रविवारी टेम्पो सांग," ते म्हणाले. "मी येतो मुलुंडला."